जलतरण तलावाचे पाणी कसे तपासावे आणि संतुलित कसे ठेवावे? जड पाण्याच्या भागातील नव्या तलावमालकांसाठी माहिती

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्यासारख्या गावांभोवती शेतघरे, कृषी पर्यटन केंद्रे आणि छोटी रिसॉर्ट यांमध्ये जलतरण तलाव बांधण्याकडे कल वाढतो आहे. बांधकाम झाले, फरशी बसली, पंप फिरू लागला की काम संपले असे वाटते. खरे काम त्यानंतर सुरू होते. तलावातले पाणी दिवसेंदिवस बदलत असते. ऊन क्लोरीन खाते, बाष्पीभवनाने क्षार वाढतात आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरचा घाम, तेल व माती पाण्यात उतरते. नितळ दिसणारे पाणीही जंतूंनी भरलेले असू शकते, म्हणून ते नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. पाणी बिघडले तर 'उपसून टाका आणि नवे भरा' हा सल्ला इथे परवडत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मध्यम आकाराच्या तलावात दहा हजार लिटरचे चार टँकर सहज रिते होतात. त्यामुळे आहे तेच पाणी वर्षानुवर्षे नीट राखता येणे हे इथल्या तलावमालकाचे पहिले कौशल्य आहे.

आधी तलावात किती पाणी आहे ते काढा

सगळ्या मात्रा पाण्याच्या आकारमानावर ठरतात. आयताकृती तलावासाठी लांबी × रुंदी × सरासरी खोली हे सूत्र वापरा. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल असेल, तर सरासरी खोली १.२५ मीटर. ८ × ४ × १.२५ = ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवा. या लेखातली सगळी उदाहरणे याच तलावाची आहेत.

भरण्याचे पाणी कसे आहे?

हा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळवत जाते. त्यामुळे इथल्या अनेक बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ही त्याची घरगुती लक्षणे. ठिबकच्या नळ्या चोंदू नयेत म्हणून आम्ल प्रक्रिया करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तलावाच्या फिल्टरमध्ये आणि फरशीवर तेच घडते.

तलाव भरण्यापूर्वी बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा असे नमुने तपासतात. अहवालात सामू, एकूण क्षारता, एकूण जडपणा, कॅल्शियम, लोह आणि विरघळलेले एकूण क्षार हे आकडे पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही तलावासाठी बरेच जड असू शकते. जलतरण तलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे वेगळे मानक आहे. तलाव व्यावसायिक असेल तर ते मिळवून वाचावे.

कोणते पाच आकडे सांभाळायचे?

लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजेच एक पीपीएम. घरगुती किंवा छोट्या तलावासाठी सर्वसाधारण लक्ष्य असे ठेवावे:

- मोकळे क्लोरीन: २ ते ४ पीपीएम
- सामू (पीएच): ७.२ ते ७.८
- एकूण क्षारता: ८० ते १२० पीपीएम
- कॅल्शियम जडपणा: २०० ते ४०० पीपीएम
- सायन्युरिक आम्ल (स्टॅबिलायझर): उघड्या तलावात ३० ते ५० पीपीएम

पहिले दोन आकडे रोज बदलतात, तर उरलेले तीन हळूहळू सरकतात. म्हणून मोकळे क्लोरीन आणि सामू रोज, क्षारता आठवड्यातून एकदा आणि शेवटचे दोन महिन्यातून एकदा तपासावे.

तपासणी कशाने करायची?

बाजारात तीन प्रकार मिळतात. कागदी पट्ट्या स्वस्त आणि झटपट असतात, पण रंग जुळवण्यात चूक होते आणि दमट हवेत त्या खराब होतात. थेंबांचे किट नवशिक्यासाठी सर्वात भरवशाचे. डिजिटल फोटोमीटर व्यावसायिक तलावासाठी योग्य.

ग्रामपंचायतीच्या नळपाण्यासाठी होणारी ओटी चाचणी अनेकांना माहीत असते. त्यात ऑर्थोटोलिडिन टाकले की पाणी पिवळे होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे कळायला ती पुरते. तलावासाठी मात्र ती अपुरी आहे, कारण ती एकूण क्लोरीन दाखवते. त्यातले किती कामाचे उरले आहे ते सांगत नाही. शिवाय ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक मानले जाते. तलावासाठी डीपीडी किट घ्या. त्यात पाणी गुलाबी होते आणि मोकळे व एकूण क्लोरीन वेगवेगळे मोजता येते.

नमुना घेताना काही गोष्टी पाळाव्यात. बाटली तलावाच्याच पाण्याने दोनदा विसळा. पाणी परत येण्याच्या तोंडापासून दूर, हात कोपरापर्यंत बुडवून नमुना घ्या, वरवरचे पाणी घेऊ नका. चाचणी लगेच, सावलीत करा. द्रावणांची मुदत पाहा आणि ती उन्हात किंवा गाडीत ठेवू नका.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. क्लोरीन फार जास्त असेल, साधारण १० पीपीएमच्या वर, तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर दिसून उडून जातो आणि पाण्यात क्लोरीनच नाही असे वाटते. मग माणूस आणखी क्लोरीन टाकतो. शंका आली तर नमुन्यात तितकेच क्लोरीन नसलेले पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आलेला आकडा दुप्पट करा. अशा वेळी सामूची चाचणीही चुकीची येते.

मोकळे आणि बांधलेले क्लोरीन

पाण्यात टाकलेले क्लोरीन दोन रूपांत राहते. जंतू मारायला तयार असलेले ते मोकळे क्लोरीन. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी जोडले गेलेले ते बांधलेले क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन. एकूण क्लोरीनमधून मोकळे वजा केले की बांधलेले क्लोरीन मिळते. ते ०.५ पीपीएमच्या खाली हवे.

तलावाला येणारा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर बहुतेक वेळा या बांधलेल्या क्लोरीनमुळे असते. 'क्लोरीन जास्त झाले' असे समजून मात्रा कमी केली तर त्रास वाढतो. उपाय उलटा आहे: तलाव बंद ठेवून बांधलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट मोकळे क्लोरीन एकदम द्यावे, म्हणजे ही संयुगे मोडतात. आणि पोहण्याआधी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करावी, हा नियम कडकपणे पाळावा.

क्लोरीनची ताकद सामूवर अवलंबून असते. सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात सामू ७.५ असताना साधारण निम्मे मोकळे क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या प्रभावी रूपात असते. सामू ८ झाला की हे प्रमाण सुमारे पाव उरते आणि ८.५ला जेमतेम दहावा हिस्सा. जड पाण्याच्या तलावात सामू सतत वर सरकतो. त्यामुळे किटवर क्लोरीनचा आकडा चांगला दिसूनही पाणी हिरवे पडते.

सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते. ते नसेल तर उन्हाळ्यातल्या दुपारी तासाभरात निम्मे क्लोरीन उडून जाते. पण ते क्लोरीनचा वेगही कमी करते. म्हणून मोकळे क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या ७ ते ८ टक्के तरी असावे: आम्ल ४० असेल तर क्लोरीन किमान ३ पीपीएम.

कोणते क्लोरीन वापरावे?

४०,००० लिटरच्या तलावात मोकळे क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला साधारण इतकी मात्रा लागते:

- द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्के): ४०० मिलिलिटर
- टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर (३३ टक्के): १२० ग्रॅम
- कॅल्शियम हायपोक्लोराइट (६५ टक्के): ६० ग्रॅम
- टीसीसीए पावडर किंवा गोळ्या (९० टक्के): ४५ ग्रॅम

टीसीएल स्वस्त आणि सहज मिळते, पण त्यातला चुना पाणी गढूळ करतो आणि आधीच जड असलेल्या पाण्यात आणखी कॅल्शियम घालतो. वापरायचेच असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन फक्त वरचे निवळ पाणी तलावात सोडा.

टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या असतात, मात्र त्यांच्यातून मिळणाऱ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात येते. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर महिन्याला ३६ पीपीएम. मार्च ते मे या तीन महिन्यांत हा आकडा शंभराच्या पुढे जातो. हे आम्ल सहजासहजी मोडत नाही, उन्हाने उडत नाही. ते कमी करायचे तर पाणीच बदलावे लागते, आणि तेही नेमके मे महिन्यात, गावोगावी टँकर फिरत असताना. म्हणून सुरुवातीला सायन्युरिक आम्ल ३० ते ४०पर्यंत आणून नंतर रोजच्या वापरासाठी द्रव हायपो निवडणे इथे शहाणपणाचे. हायपो मात्र उन्हाळ्यात काही आठवड्यांतच बरीच ताकद गमावते. थोडे थोडे, ताजे आणा आणि सावलीत ठेवा.

क्षारता आणि सामू: इथला मुख्य प्रश्न

एकूण क्षारता म्हणजे सामूतला बदल रोखून धरण्याची पाण्याची क्षमता. ती फार कमी असेल तर सामू हेलकावे खातो. ती फार जास्त असेल तर ॲसिड टाकून सामू खाली आणला तरी एक-दोन दिवसांत तो पुन्हा वर येतो, कारण पाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटत राहतो. इथल्या बोअरच्या पाण्यात दुसरी स्थिती अधिक भेटते.

पाणी थर साठवणारे आहे की फरशीचा सिमेंट खाणारे, हे कळायला लँगेलियर निर्देशांक उपयोगी पडतो. अमेरिकेतील अभियंता विल्फ्रेड लँगेलियर यांनी तो १९३६ मध्ये नळपाण्याच्या वाहिन्यांसाठी मांडला. तलावासाठीचे त्याचे सोपे रूप असे:

निर्देशांक = सामू + तापमान घटक + कॅल्शियम घटक + क्षारता घटक − १२.१

- तापमान: २४ अंशांना ०.६, २९ अंशांना ०.७, ३४ अंशांना ०.८
- कॅल्शियम जडपणा: २००ला १.९, ३००ला २.१, ४००ला २.२, ६००ला २.४
- क्षारता: ८०ला १.९, १००ला २.०, १५०ला २.२, २००ला २.३, ३००ला २.५

उत्तर −०.३ ते +०.३ यात असेल तर पाणी संतुलित. त्याहून जास्त असेल तर थर बसतो, कमी असेल तर पाणी सांधे आणि धातू कुरतडते. सायन्युरिक आम्ल असेल तर त्याचा साधारण तिसरा हिस्सा क्षारतेतून वजा करून हिशोब करावा.

समजा बोअरच्या पाण्याचा सामू ८, तापमान २९ अंश, कॅल्शियम ४०० आणि क्षारता ३०० आहे. ८ + ०.७ + २.२ + २.५ − १२.१ = १.३. असे पाणी फरशी, शिडी आणि फिल्टरची वाळू पांढरी करणार हे नक्की. आता तेच पाणी, क्षारता ८० आणि सामू ७.४वर आणले तर: ७.४ + ०.७ + २.२ + १.९ − १२.१ = ०.१. कॅल्शियम तेवढेच राहूनही पाणी संतुलित झाले, आणि एक थेंबही बदलावा लागला नाही. जड पाण्याच्या भागात तलाव चालवण्याचे गमक इथेच आहे: कॅल्शियम काढणे अवघड, म्हणून क्षारता खालच्या टोकाला ठेवायची.

क्षारता कमी कशी करायची?

हायड्रोक्लोरिक ॲसिड (३३ टक्के) वापरतात. १०,००० लिटरमध्ये क्षारता १० पीपीएमने उतरवायला सुमारे १९० मिलिलिटर लागते. आपल्या तलावात ३००वरून १००वर यायला एकूण १५ लिटरच्या आसपास. हे कधीही एकदम टाकायचे नाही.

१. पंप चालू ठेवून, एका वेळी एक लिटर ॲसिड आधीच पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीत घाला आणि ते तलावाच्या खोल बाजूला पसरून सोडा.
२. चार तासांनी सामू तपासा. तो ७.२च्या जवळ येईपर्यंत हेच पुन्हा करा. सुरुवातीच्या अशा एका फेरीला दोन-तीन लिटर ॲसिड लागते आणि क्षारता तीसेक पीपीएमने उतरते.
३. आता पाण्यात हवा खेळवा: कारंजे, धबधबा किंवा पाणी परतीचे तोंड वर वळवून पृष्ठभाग खळाळता ठेवा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि क्षारता न वाढता सामू वर येतो.
४. सामू ७.८ला पोचला की पुढची फेरी.

अशा अनेक फेऱ्यांना आठवडा-दोन आठवडे लागतात. घाई करून सामू ७च्या खाली गेला तर सिमेंट आणि पंपाचे धातूचे भाग झिजतात. पावसाळ्यात कधी क्षारता ८०च्या खाली गेलीच तर खाण्याचा सोडा वापरा. ४०,००० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला सुमारे ७०० ग्रॅम पुरतो.

उन्हाळ्यात जडपणा का चढतो?

आपल्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडाले तर दिवसाला सुमारे २५० लिटर जाते. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. तीन महिन्यांत साडेबावीस हजार लिटर भर घातली आणि त्या पाण्याचे कॅल्शियम ४०० असेल, तर तलावातला आकडा २००हून अधिक चढतो. क्षारताही तशीच चढते.

दोन उपाय आहेत. पहिला, वापर नसताना तलावावर आच्छादन घाला, त्याने पाणी आणि क्लोरीन दोन्ही वाचते. दुसरा, पावसाळ्यात छताचे पाणी गाळून तलावात घ्या. १०० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की जवळपास ५,००० लिटर मऊ पाणी मिळते. पहिल्या पावसाचे धुवण तेवढे बाहेर सोडा.

नेहमीच्या तक्रारी

*पाणी हिरवे:* शेवाळ. सामू ७.२–७.४ करा, भिंती घासा आणि पाणी निवळेपर्यंत क्लोरीन १० पीपीएमच्या आसपास टिकवा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी क्लोरीन मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली तर शेवाळ अजून जिवंत आहे. शेतात असलेला मोरचूद तलावात टाकू नका. तांब्याचे डाग पडतात, केस हिरवट होतात आणि क्लोरीनची जागा तो घेऊ शकत नाही.

*पाणी दुधाळ:* सामू आणि क्षारता जास्त असेल तर कॅल्शियम सुटते. आधी सामू उतरवा. गाळ बसवण्यासाठी तुरटी चालते, मात्र तिने क्षारता आणि सामू उतरतात. बसलेला गाळ फिल्टरमध्ये न घेता थेट बाहेर काढावा.

*क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी:* बोअरच्या पाण्यात लोह आहे. पाणी भरण्यापूर्वी ते गाळून घ्यावे लागेल.

ज्यात तडजोड नाही

ॲसिड आणि कोणतेही क्लोरीन कधीही एकत्र करू नका, एकाच बादलीत किंवा मापातही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपघरात तो जीव घेऊ शकतो. टीसीसीए आणि टीसीएल किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा वापरा, वाऱ्याकडे पाठ ठेवा. ॲसिड आणि क्लोरीन वेगवेगळ्या, हवेशीर, कुलूपबंद जागी ठेवा आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांत कधीही भरू नका.

काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडणारे मूल दिसत नाही. मोकळे क्लोरीन १ पीपीएमच्या खाली असेल तरी तलाव बंद ठेवा. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत मेंदूज्वराचे बळी घेणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. क्लोरीन नीट राखलेल्या तलावात तो टिकत नाही.

नोंदवही ठेवा

तारीख, वेळ, मोकळे क्लोरीन, सामू, टाकलेली मात्रा, किती जण पोहले आणि फिल्टरचा दाब, इतके रकाने पुरतात. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा काटा अर्ध्या बारने वर गेला की फिल्टर उलटा धुवा, ठरावीक वारी नको. त्याने पाणी वाचते. ते क्लोरीनयुक्त पाणी मात्र विहिरीत, ओढ्यात किंवा कोवळ्या रोपांना सोडू नका.

महिनाभराच्या नोंदी झाल्या की तुमच्या तलावाला रोज किती क्लोरीन लागते, आठवड्याला किती ॲसिड लागते हे आपोआप दिसू लागते. त्यानंतर बिघाड होण्याची वाट पाहावी लागत नाही. आकडा सरकू लागला की तो दुसऱ्याच दिवशी लक्षात येतो आणि थोड्याशा मात्रेत जागेवर आणता येतो.